दुखतंय कुठं, ते लिहिणार कोण?

ताप आला की थर्मामीटर. साखर वाढली की बोटाला टोचून थेंबभर रक्त. छातीत धडधडलं की ईसीजी. पण "कंबर दुखते" म्हटल्यावर कुठलं मीटर लावायचं? आपण इंजिनिअरिंगवाले कशालाही सेन्सर लावायला तयार असतो. फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी बघा. दरवर्षी हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र, एक्स-रे ओळखणारं सॉफ्टवेअर, झोप मोजणारं घड्याळ असतंच असतं. वेदना मोजणारं काही मात्र कुणी करत नाही. कारण उघड आहे. वेदनेला वायर जोडता येत नाही. ती ज्याची त्यालाच कळते आणि त्यानं सांगितली तरच दुसऱ्याला कळते.

मित्रांनो, म्हणूनच मला वाटतं की वेदनेवरचं संशोधन हा आपल्या काळातला सर्वांत अवघड मोजमापाचा प्रश्न आहे. आणि तो सोडवायला जी माणसं लागतात, त्यांना आपल्याकडे "हा काय, सारखी लाइन बदलतो!" म्हणून हिणवलं जातं. हा लेख त्याच माणसांच्या बाजूनं आहे.

कशी असतात ही माणसं? समजा एखादी मुलगी आधी फिजिओथेरपी शिकली. चार-पाच वर्षं रुग्णांचे गुडघे, खांदे, मणके हाताळले. मग तिला प्रश्न पडला की एकाच वयाच्या, एकच काम करणाऱ्या दोन बायांपैकी एकीचं दुखणं महिन्यात जातं आणि दुसरीचं वर्षानुवर्षं का राहतं? उत्तर शोधायला ती जनुकशास्त्राकडे वळली. तिथं कळलं की दहा-वीस माणसांच्या जनुकांवरून काही सिद्ध होत नाही, लाखभर माणसं लागतात. मग ती बायोबँकेत गेली, म्हणजे हजारो-लाखो लोकांचे रक्ताचे नमुने आणि त्यांची माहिती जिथं जपतात तिथं, आणि डेटा सांभाळू लागली. आता घरचे विचारणार, "म्हणजे तू नेमकी डॉक्टर, का कॉम्प्युटरवाली?" आणि शेजारचे म्हणणार, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" मला तर ही चिंध्यांची नव्हे, एकाच धाग्याची गोष्ट वाटते. तिचा प्रश्न पहिल्यापासून एकच आहे, फक्त त्याचा माग काढत ती तीन खोल्यांतून गेली.

आता एकेक खोली बघू.

मी शेलूबाजारचा. वाशीम जिल्हा, मंगरूळपीर तालुका. पूर्वी नागपूर-औरंगाबाद रस्त्यावरचं चहा प्यायला थांबायचं गाव, आता समृद्धी महामार्गावरून उतरायचं ठिकाण. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा रस्ता सुरू झाला आणि आमचं नाव मोठ्या हिरव्या पाटीवर आलं. पण पाटीच्या खाली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे शेत आहे, तिथली बाई आजही सोयाबीनच्या सोंगणीत दिवसभर कमरेत वाकून असते. गुत्त्यानं काम घेतलं असलं तर पाठ सरळ करायलाही वेळ नसतो, कारण जितकं सोंगलं तितकेच पैसे. सोयाबीन झालं की कापूस. पोटाला ओटी बांधून, झुकून, बोंडाबोंडानं वेचायचा.

आणि या बाया दुखणं कसं सांगतात, ते कधी कान देऊन ऐकलंय? "कंबर धरली." "पाठीत उसण भरली." "चमक निंगते." "पाय ठनकते रातभर." "मुंग्या येतात." "आग आग होते." "आंग मोडून येते." यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. चमक म्हणजे वीज गेल्यासारखी, क्षणात येऊन जाणारी. ठणका ठोक्याठोक्यानं येतो, रात्री वाढतो. मुंग्या आणि आग ऐकली की जाणकार फिजिओथेरपिस्ट लगेच नस दबली आहे का, ते तपासतो. उसण म्हटलं की स्नायू आठवतो. म्हणजे आमच्या काकू-मावश्या आधीच वर्गवारी करून माहिती देत असतात! पुढं काय होतं? दवाखान्याच्या रजिस्टरात एकच शब्द पडतो: "अंगदुखी". गोळी, इंजेक्शन, पुढचा पेशंट. आमच्या शेजारच्या काकूंचं हेच झालं. तीन वर्षं अंगदुखी, अंगदुखी करत शेवटी त्यांनी सोंगणीला जाणंच सोडलं. त्या हंगामाची मजुरी गेली, ती कुठल्या आकडेवारीत आली? कुठेच नाही.

सात शब्दांचा एक शब्द करणं, याला आपल्या भाषेत काय म्हणतात? लॉसी कॉम्प्रेशन! एकदा फेकलेली माहिती नंतर कितीही भारी अल्गोरिदम लावला तरी परत येत नाही.

हे शब्द महत्त्वाचे आहेत, हे मी एकटा म्हणत नाही. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली छापली. तिच्यात वेदनेचं वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. हेच मेलझॅक १९६५ साली पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडून बसले होते. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं आणि मेंदूकडे जाणारा वेदनेचा संदेश तिथं कमी-जास्त होतो, असा तो सिद्धांत. मार लागल्यावर आपण ती जागा चोळतो आणि बरं वाटतं, त्यामागचं कारण त्यातून समजू लागलं. एवढा मोठा सिद्धांत मांडणाऱ्या माणसालाही शेवटी रुग्णाच्या तोंडचे शब्द गोळा करत बसावं लागलं. यातच सगळं आलं.

म्हणून पहिली खोली फिजिओथेरपीची. भारतात या विद्येचं रीतसर शिक्षण १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, तेव्हा देशात पोलिओचं संकट होतं. आजही कित्येकांना ही "मालिशवाली लाइन" वाटते. खरं तर रुग्णाजवळ अर्धा-अर्धा तास बसणारा आणि "वाकल्यावर वाढतं का बसल्यावर? सकाळी जास्त का संध्याकाळी? हंडा उचलता येतो का?" असं विचारणारा आरोग्यसेवेत दुसरा कोण असतो? तो प्रश्न विचारतो, म्हणून डेटा जन्माला येतो.

आता तुम्ही म्हणाल, खेड्यात असं घरोघरी जाऊन कोण विचारणार? विचारलंय की! आपल्याच महाराष्ट्रात विचारलंय. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसनं 'कॉपकॉर्ड' हा जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराचा अभ्यास सुरू केला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं आणि ते घरोघरी गेले. माणसाचं चित्र समोर ठेवून "कुठं दुखतं, दाखवा" म्हणाले आणि मग डॉक्टरांनी तपासलं. चार हजारांहून थोडे अधिक प्रौढ. त्यांतल्या शंभरातल्या सुमारे अठरा जणांना सांधे-स्नायूंचं दुखणं होतं. ज्याची आपण सगळ्यांत जास्त भीती घेतो तो संधिवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, शंभरात एकालाही नव्हता, अर्धा टक्काच होता. बाकीच्यांत गुडघ्यांची झीज होती, स्नायूंची दुखणी होती आणि कुठल्याही ठोस रोगाचं नाव देता येत नाही अशीही पुष्कळ दुखणी होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नंही पाठ-कंबरदुखीवर गावपातळीवर अभ्यास केलाय. म्हणजे कागद, पेन्सिल आणि गावातला शिकलेला पोरगा-पोरगी एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकतं. सुपरकॉम्प्युटर नंतर लागतो.

दुसरी खोली जनुकांची. इथं २००६ साली एक विलक्षण शोध लागला. उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत अशी मुलं सापडली, की ज्यांना जन्मापासून वेदना म्हणून कळतच नव्हती. त्यांतला एक पोरगा रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालण्याचे खेळ करायचा. केंब्रिजच्या जेफ्री वुड्स यांच्या गटानं शोधलं तर एससीएन९ए नावाच्या जनुकात बिघाड निघाला. हे जनुक नसेतलं सोडियमचं एक दार बनवतं. दार बंद तर वेदनेचा सिग्नलच पुढं जात नाही. अगदी आपल्या सर्किटमधल्या स्विचसारखं! वेदना नसणं किती छान, असं वाटतं ना? अजिबात नाही. अशा मुलांची हाडं मोडतात, ओठ-जीभ चावली जाते, आणि त्यांना पत्ता नसतो. वेदना ही शरीराची अलार्म सिस्टिम आहे. आपला प्रश्न बंद न होणाऱ्या अलार्मचा आहे. याच कुळातलं दुसरं दार अडवणारं सुझेट्रिजीन नावाचं औषध, तात्पुरत्या तीव्र वेदनेसाठी, अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालं. अफूच्या वर्गात न मोडणारं. शोध ते औषध, कित्येक वर्षांची मेहनत.

पण जनुकांची गोष्ट सांगायला पाकिस्तान-अमेरिकेला कशाला जायचं? आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ सालीच मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली होती. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक. आई-बाप दोघांकडूनही तो आला की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटतील अशी वेदना उठते. आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. अक्षर तेच, चूक तीच, पण एका पोराला वर्षातून एकदा झटका येतो आणि दुसऱ्याला महिन्यातून दोनदा. काहींत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, ते त्यांना वाचवतं, हे कळलंय. पण सगळा फरक त्यानं उलगडत नाही. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं. तपासणी रक्ताची होते, ती हवीच. पण ज्याला हा आजार निघाला, त्याला किती वेळा, कुठं, किती दिवस दुखलं आणि किती दिवस शाळा बुडाली, ही वही कोण ठेवणार? ती वही नसेल तर "एकाच जनुकाची दोन दुखणी" हे कोडं कधीच सुटणार नाही.

इथून तिसरी खोली सुरू होते. आणि ही आपली आहे, बरं का!

जगातली नावाजलेली बायोबँक म्हणजे यूके बायोबँक. २००६ ते २०१० या काळात ब्रिटनमधल्या ४० ते ६९ वयाच्या ५ लाख लोकांनी आपलं रक्त, लघवी आणि माहिती दिली. त्यांना वेदनेबद्दल अगदी साधा प्रश्न विचारला होता: गेल्या महिन्यात रोजच्या कामात अडथळा येईल असं कुठं दुखलं? डोकं, चेहरा, मान किंवा खांदा, पाठ, पोट, कंबरेचा सांधा, गुडघा, की सगळं अंग? एवढ्या एका प्रश्नावर २०१९ साली सुमारे ३ लाख ८७ हजार लोकांचा अभ्यास झाला आणि शरीरात अनेक ठिकाणी जुनाट दुखण्याशी नातं सांगणाऱ्या ३९ जागा जनुकसंचात सापडल्या. प्रत्येक जागेचा वाटा एवढासा. म्हणजे कंबरदुखीचं "एक जनुक" नाही. असं काही विकणारा भेटला तर दूरच राहा.

आता डेटावाल्याचं काम कुठं येतं, ऐका. त्या प्रश्नाच्या उत्तरांत प्रत्येक जागेला १ ते ८ असा आकडा आहे. "यांपैकी काहीच नाही" याला उणे ७. "सांगायचं नाही" याला उणे ३. एखाद्या हुशारानं फाइल उघडली, न वाचता सरासरी काढली, तर माणसाला उणे वेदना होते असं उत्तर येईल! हसू नका, आपण सगळे प्रोजेक्टच्या आदल्या रात्री असंच करतो. डेटाबेसच्या पहिल्याच तासाला शिकवतात की शून्य वेगळं आणि नल वेगळं. वेदनेत तर हा फरक जीवनमरणाचा आहे. रकाना रिकामा आहे म्हणजे दुखत नाही, का विचारलंच नाही, का विचारलं पण सासू शेजारी बसली होती म्हणून बाई "काही नाही" म्हणाली? आमच्याकडची बाई पहिल्यांदा विचारलं तर "नाही, तसं काही नाही" असंच म्हणते. चहा झाला की मग सांगते. हे ज्याला ठाऊक आहे, तोच त्या रकान्याचा अर्थ नीट लावेल. म्हणून म्हणतो, रुग्णाजवळ बसलेली माणसं डेटाजवळ यायला हवीत, आणि डेटाजवळ बसणाऱ्यांनी एकदा तरी रुग्णाजवळ जायला हवं.

शिवाय उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधल्या हरेक नळीचा बारकोड बरोबर माणसाशी जुळतो का, एकाच माणसाची दोनदा नोंद नाही ना, वजन किलोत आहे का पौंडात, नाव आणि नमुना यांना जोडणारी किल्ली कुणाच्या ताब्यात आहे, कुणी "माझा नमुना काढून टाका" म्हटलं तर तो सगळीकडून निघाला का... हे सगळं कंटाळवाणं वाटतं. पण पाया असाच कंटाळवाणा असतो. सिव्हिलवाल्यांना विचारा!

संमतीचं तर विचारूच नका. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई या आदिवासींनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. पुढं तेच रक्त त्यांना न विचारता दुसऱ्याच संशोधनांना वापरलं गेलं. भांडण कोर्टात गेलं, २०१० साली तडजोड झाली, विद्यापीठाला पैसे मोजावे लागले आणि उरलेलं रक्त परत करावं लागलं. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत बायोबँकेचा स्वतंत्र विचार आहे, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. पण कायदा कागदावर असतो. शेलूबाजारच्या बाईला तिच्या बोलीत "तुमचं रगत कुठं जाईन, कोन पाहीन, नाही म्हनाचा हक्क तुमाले हाये" हे सांगणारं माणूस लागतं. तेही या कामाचाच भाग आहे.

आपल्या देशात आता तयारी आहे. जीनोमइंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये हा डेटा संशोधकांसाठी खुला झाला. फरीदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र आहे. ब्रिटनच्या बायोबँकेत बहुतेक सगळे युरोपीय वंशाचे आहेत, त्यांचे निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू होतीलच असं नाही. म्हणून आपला डेटा हवाच. पण जीनोम वाचणं आता यंत्राचं काम झालंय. त्या माणसाची कंबर किती वर्षं दुखते आहे, हे कुठलंही सिक्वेन्सिंग मशीन वाचत नाही. ते विचारावंच लागतं.

आता खरी अडचण, पैशाची. या क्षेत्रात कॅम्पस प्लेसमेंटला कुणी येत नाही. नोकऱ्या बऱ्याचदा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी. आयटीच्या पॅकेजपुढं आकडा लहान. घरी कर्ज असलं तर हा रस्ता धर असं कुणाला सांगणं सोपं नाही, आणि मी सांगणारही नाही. माझं म्हणणं एवढंच, की जो हा रस्ता धरेल त्याला "भरकटला" म्हणू नका. फिजिओथेरपीवाल्यानं पायथॉन शिकणं म्हणजे पळवाट नाही आणि कॉम्प्युटरवाल्यानं रुग्णालयात जाणं म्हणजे अपयश नाही.

आणि सगळ्यांनी लाइन बदलायचीही गरज नाही. आपण इथं बसून करण्यासारखं पुष्कळ आहे. मायनर प्रोजेक्ट म्हणून जवळच्या एखाद्या फिजिओथेरपी कॉलेजबरोबर मिळून वऱ्हाडी, मराठवाडी, अहिराणी, कोकणी अशा बोलींतल्या वेदनेच्या शब्दांचा कोश करता येईल. माणसाच्या चित्रावर बोट ठेवून जागा दाखवायची, आपल्या बोलीत बोलायचं आणि ते बोलणं तसंच्या तसं साठवायचं, असं साधं ॲप करता येईल, अक्षर न ओळखणाऱ्या आजीलाही वापरता येणारं. फक्त एक अट: रकाना रिकामा राहिला तर का राहिला, हे लिहायची सोय त्यात असलीच पाहिजे.

२०२० साली वेदनेची आंतरराष्ट्रीय व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्या टिपणांत एक मोलाची गोष्ट आली: माणूस आपल्या वेदनेबद्दल जे सांगतो, त्याचा मान ठेवा. मला वाटतं, आपल्या विद्येच्या भाषेत त्याचा अर्थ सरळ आहे. ऐका, नीट लिहा, लिहिलेलं जपा, आणि ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय वापरू नका. येत्या हंगामात सुट्टीला गावी गेलात की कुणाला तरी विचारून बघा, "नेमकं कसं दुखतं?" आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी